व्यासंगी शिकारी

मेहुण्याकडे तोफेएवढी लेन्स होती. माझ्याकडे व्यासंग होता. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, होडीत बसल्या बसल्या मी तो बाहेर काढला.

"आपण ज्या पाणलाव्याच्या मागे आहोत ना, त्याचं इंग्रजी नाव स्नाइप. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले गोरे अधिकारी त्याची शिकार करायचे. चिखलात चिखलाच्याच रंगाचा बसतो, पायाशी जाईस्तोवर हलत नाही आणि उठला की नागमोडी सुटतो. त्याला टिपणं म्हणजे नेमबाजाची परीक्षा. त्यावरून 'स्नायपर' निघाला. माणसं टिपणारे पुढचे."

"सायेब, जरा गप ऱ्हावा," नावाडी म्हणाला. "पाखरं उठत्यात."

मी आवाज खाली आणला, विषय नाही. 'बीटिंग अराउंड द बुश'ही शिकारीतलंच. हाकारे नुसती झुडपं बडवत फिरायचे. पाखरं धरणारे वेगळे. त्यावरून मुद्द्याला हात न घालता इकडचं तिकडचं बोलत राहणं...

"म्हणजे दाजी, तुमचं आत्ता चाललंय ते," मेहुणा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला.

तेवढ्यात काठच्या गवतात मला तो दिसला. तपकिरी, पट्टेदार, निश्चल. मी श्वास रोखून धडाधड फोटो काढले.

"सायेब, ते श्याण हाय."

अमेरिकेत रात्री रॅकूनच्या शिकारीला कुत्री नेतात. रॅकून झाडावर चढला की कुत्र्याने बुंध्याशी भुंकत राहायचं. कधी कुत्रं एका झाडाखाली घसा फोडत बसतं आणि रॅकून भलतीकडेच. 'बार्किंग अप द राँग ट्री' ते हेच. एवढं नीट समजावण्यासाठी मी होडीत उभा राहिलो आणि शेणापासून हातभर अंतरावरून खरा पाणलावा उठला. तो नागमोडी गेला, मी सरळ खाली. चिखल कमरेपर्यंत होता.

खानावळीच्या मालकाने मला आत घेतलं नाही. नावाड्याचा पंचा गुंडाळून मी पायरीवर बसलो. मेहुण्याच्या ताटात चिलापीचे जाडजूड तुकडे आले, माझ्या ताटात उरलेलं डोकं.

"दाजी, यालाही शिकारीतला शब्द असेलच की!"

असणारच! शिकार केलेल्या हरणाच्या काळीज-आतड्यांना पूर्वी 'अम्बल्स' म्हणत. त्यांचा 'अम्बल पाय' व्हायचा. उच्चाराच्या गमतीतून त्याचा 'हम्बल पाय' झाला आणि तो खाणं म्हणजे मान खाली घालून माघार घेणं.

हे सांगून होईस्तोवर मेहुण्याने माझ्या ताटातलं डोकंही चोखून संपवलं होतं.