मीटर बिघडलेला नाही हो, वहिनी!

"ताई, आमच्या कन्यारत्नाला जरा समजवा. कालपासून फुरंगटून बसलीय. प्रॅक्टिकलला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच मोजला. पुस्तक म्हणतं १, मीटर दाखवतोय १.१. मीटर बिघडलाय म्हणून लॅब असिस्टंटशी वाजवून आलीय."

"मग त्या बिचाऱ्याला सॉरी म्हणायला सांगा तिला. मीटर ठणठणीत आहे. पुस्तकातलं गणित नुसती डोकी मोजतं. आयन शंभर टाकले, तरी त्या द्रावणात ते ऐंशीच असल्यासारखे वागतात. या ०.८ ला सक्रियता गुणांक म्हणतात. तो धरून गणित करा, बरोब्बर १.१ येतं."

"आणि उरलेले वीस? बाष्पीभवन झालं?"

"कुठे जातायत! सगळे तिथेच आहेत. पण एकटा कुणीच नाही. मंत्री गावात आला की भोवती कार्यकर्त्यांचं कडं पडतं ना, तसं प्रत्येक धन आयनाभोवती ऋण आयनांचं कडं पडतं. मंत्र्याला धड हातपाय हलवता येत नाहीत. शिवाय गंमत अशी, की कार्यकर्तासुद्धा स्वतःपुरता मंत्रीच. त्याच्याभोवती वेगळं कडं."

"आणि मोठं खातं असेल तर?"

"तर विचारूच नका. भार दुप्पट झाला की ओढ चौपट. ०.१ मोलल मिठाच्या पाण्यात गुणांक ०.७८. तेवढ्याच मॅग्नेशियम सल्फेटच्या पाण्यात ०.१५! म्हणजे शंभरातले पंधरा."

"अगंबाई! हे शोधलं कुणी?"

"तीच तर खरी भानगड आहे, या अशा इकडे. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८८४ साली उप्सालाला प्रबंध दिला, की क्षार पाण्यात फुटून भारित कण होतात. परीक्षकांनी नाकं मुरडत जेमतेम पास केलं. १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल."

"परीक्षकांची तोंडं बघायला हवी होती."

"पण ऐका तरी. त्याचं गणित व्हिनेगरसारख्या दुबळ्या आम्लांना छान लागू पडलं आणि साध्या मिठापाशी अडलं. त्याला वाटायचं, मीठसुद्धा अर्धवटच फुटतं. इथे आपले घोषबाबू आले. ज्ञानचंद्र घोष, प्रफुल्लचंद्र रायांचे शिष्य, सत्येन बोस आणि मेघनाद साहांच्या बरोबरीचे. १९१८ मध्ये, ऐन तेविशी-चोविशीत, कलकत्त्याहून त्यांनी मांडलं, की मीठ सगळंच्या सगळं फुटतं, आयनांना अडवते ती त्यांची आपापसातली विद्युत ओढ."

"मग नोबेल?"

"नाही ना! त्यांनी आयन स्फटिकात बसतात तसे द्रावणातही ठरल्या जागी बसवले. पण पाण्यातल्या उष्णतेमुळे ते सतत धक्के खातात, जागेवर ठरतील कसे? त्यामुळे हिशोबात संहतीचं घनमूळ आलं. १९२३ मध्ये झुरिकला डिबाय आणि त्याचा सहायक ह्युकेल यांनी धक्काबुक्की हिशोबात धरली आणि वर्गमूळ आलं. कोलराउश नावाच्या शास्त्रज्ञानं कितीतरी आधी वाहकता मोजून ठेवली होती, ती वर्गमुळाच्याच बाजूनं. खेळ खलास. मला विचाराल तर घोषबाबूंवर अन्याय झाला असं म्हणवत नाही, पण पुस्तकात एक ओळ तरी त्यांच्या वाटची हवी होती. बाकी पुढे ते खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले."

"डिबायला मात्र कुणी बोट लावलं नाही म्हणा."

"कोण म्हणतं? १९२५ मध्ये ऑन्सागर नावाचा एकविशीतला नॉर्वेजियन पोरगा थेट त्याच्या ऑफिसात शिरला आणि तोंडावर म्हणाला, तुमचा सिद्धांत चुकलाय. वाहकतेचा भाग हो. डिबायनं बाकीच्या आयनांना धक्के खाऊ दिले आणि ज्याच्याकडे बघायचं त्यालाच सरळ रेषेत चालवलं होतं."

"हाकलला असेल!"

"नोकरी दिली! इथे माझा डिबायला नमस्कार. आपल्याकडे एखाद्यानं असं केलं असतं, तर त्याचा गाइडसुद्धा बदलला असता."

"म्हणजे आता सगळं सुटलं?"

"फक्त पातळ द्रावणांपुरतं. घट्ट द्रावणात डिबाय-ह्युकेलचं सूत्र कोलमडतं. मिठाचाच गुणांक बघा, ०.७८ वरून एक मोललला ०.६६ पर्यंत उतरतो आणि संपृक्त होत आलं की पुन्हा एकाच्या जवळ चढतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचा तर एकाच्याही वर जातो."

"हे काय आता? कडं सुटलं?"

"नाही, पाणीच पुरत नाही. प्रत्येक आयन पाण्याचे चार-सहा रेणू धरून बसतो. संपृक्त होत आलेल्या द्रावणात सोडियम-क्लोराइडच्या एका जोडीमागे पाण्याचे जेमतेम नऊ रेणू उरतात. मोकळं पाणी कमी, म्हणजे आयन असतील त्याहून जास्त असल्यासारखे वागतात. तुमच्या माहेरच्या मिठागरात मात्र कड्याचाही खेळ दिसतो. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, गोड्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात त्याच्या तिपटीच्या घरात."

"अय्या, पाणी आधीच खारट, तरी वर जास्त मावतं?"

"कॅल्शियमभोवती क्लोराइडचं कडं, सल्फेटभोवती सोडियमचं. दोघांची गाठ पडायला उशीर."

"पण वाफ्यात खडे तर धरतात की! लहानपणी पायाला टोचायचे."

"ऊन आहे ना वर. कडं कितीही दाट पडलं तरी पाणी आटत गेलं की जिप्सम खाली बसणारच, आणि तेही मिठाच्या आधी."