झाकण उघडलंस का?

मोसंबी सोलायला घेतली की ज्यांची आठवण होते, असे एक काका तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागात राहतात. आजारी माणसाला भेटायला गेले तरी तब्येतीची चौकशी नंतर, आधी, "साली कुठे टाकल्या?" स्टेशनबाहेरचा ज्यूसवाला त्यांची पिशवी बाजूला काढून ठेवतो.

या सालींचं बायोएन्झाइम होतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने दम. मग त्याने लादी पुसायची. नात रांगायची, लादीवरचा हात थेट तोंडात घालायची, म्हणून घरातलं फिनेल हद्दपार झालं.

इथवर कुणाची तक्रार नाही. भानगड झाकणाची आहे. पहिला महिनाभर बाटलीत वायू साठतो. रोज झाकण सैल केलं नाही तर बाटली फुटायची भीती. त्यामुळे काका कुठेही असोत, जीव झाकणात. मंगलाष्टकं चालू असताना कोपऱ्यात फोनवर, "अगं, झाकण उघडलंस का?" स्मशानातही हाच प्रश्न मी ऐकलाय. गावी गेले की बाटल्या आमच्याकडे, सोबत वेळापत्रक. काकू म्हणतात, "माझ्या बाळंतपणात इतके फोन आले नव्हते."

लेक ठाण्याला, घोडबंदर रोडला. तिच्यासाठी बाटली नेताना भर गर्दीच्या लोकलमध्ये पिशवी फुसफुसली. जिथे खिशातला रुमाल काढता येत नाही, तिथे काकांभोवती अंगण तयार झालं. ठाण्यापर्यंत ते बसून गेले. बसल्याबसल्या झाकणही उघडलं.

बरं, माणूस अडाणी नाही. निवृत्त केमिस्ट, याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेलेली. मोबाइलवर बघून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतणाऱ्यांवर ते खवळतात: "दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. फेस बघून कसले खूश होता?" स्वतःच्या एन्झाइमबद्दलही भ्रम नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले की निमूट ब्लीच काढतात, पाण्यात पातळ करून, खिडक्या उघडून. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, हे त्यांनी कामवाल्या मावशींकडून पाठ करून घेतलंय. मावशी आता नव्या घरी पगाराच्या आधी तेच बोलतात.

दारावर सुटं फिनेल येतं, ते लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवतात. काका घरोघरी सिंकखाली वाकून त्या बाटल्या जप्त करायचे, कपाटातल्या डांबरगोळ्यांसकट. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यावरून बोलणं टाकलं होतं. मग एके दुपारी त्यांचा धाकटा सिंकखाली सरबत शोधताना सापडला. संध्याकाळी वहिनी स्वतः मोसंबीच्या साली घेऊन काकांच्या दारात.

आता गंमत बघा. हा सगळा आटापिटा ज्या गावात चाललाय, तिथे जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आले. 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन माणसं गेली. 23 मे 2024 ला पुन्हा एका रासायनिक कारखान्यात स्फोट, पुन्हा मृत्यू.

त्या दुपारी इमारत हादरली, काचा खळाखळा खाली आल्या आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, फुटली तुमची बाटली!" जिन्यात आम्ही हसलोसुद्धा. मग आभाळात धूर दिसला.

नात सुट्टीला आलेली. रात्री मी डोकावलो तर तिला पलंगावर ठेवून काका स्वतः लादीवर रांगत होते, टॉर्च आडवा धरून, काचेचे कण शोधत. मी विचारलं, "काका, लादी तुम्ही कितीही पुसाल. खिडकीतून येतं त्याचं काय?"

"ते झाकण आपल्या हातात नाही रे," ते म्हणाले. "आत कामाला होतो तेव्हाही नव्हतं."

गॅलरीतल्या बाटल्या मात्र सगळ्या शाबूत होत्या.