आमचे हे, इंग्रजीत

‘माय हजबंड, दे आर इन मुंबई.’ पोलादपूरच्या एका वहिनींच्या वहीतलं वाक्य. मी ‘दे आर’ खोडून ‘ही इज’ केलं, तशा त्या वहीकडे बघतच राहिल्या.

“सर, ‘ही’ म्हणजे बाई ना?”

“इंग्रजीत पुरुष.”

“मग बाईला काय म्हणतात?”

“शी.”

त्यांनी वही मिटली.

महाडात मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली; माझे विद्यार्थी त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. काळ-बिळ ते कसेबसे निभावतात. गाडी अडते सर्वनामांपाशी, कारण तिथे व्याकरण बाजूला राहतं आणि घरचं वळण आडवं येतं. नवरा, सासरे, तलाठी सगळे ‘दे’. एकवचनात उरतात देव, आई आणि दारातला कुत्रा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला. रायगडाच्या पायथ्याशी राहून त्यांना ‘ही वॉज’ लिहायला वर्गात कोणी तयार नाही. ‘दे वेअर’वर लाल पेन चालवायला माझाही हात उठत नाही.

एसटी ‘शी’, आंबेनळी घाट ‘ही’, सावित्री तर ‘शी’च. या सगळ्यांना ‘इट’ म्हणा, हे सांगताना मलाच ओशाळं वाटतं. त्यात ‘इट इज रेनिंग’! जुलैत पोलादपुरात काय पडतंय हे कोणी विचारत नाही, पण एका काकांनी विचारलंच, “हा इट कोण?”

म्हटलं, कोणी नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, म्हणून उभा केलाय.

“म्हणजे काम शून्य, नुसती हजेरी,” काका म्हणाले. त्यांची नोकरी सरकारी. पुढे काही समजवावं लागलं नाही.

क्रमाचा नियम मात्र एमआयडीसीतल्या पोरांना पटत नाही. चांगल्या कामात आधी ‘यू’, मग ‘ही’, शेवटी ‘आय’. चूक कबूल करताना आधी ‘आय’. “सर, पुस्तकात उलटं छापलंय,” त्यांचं ठाम मत.

इंग्रजी खरी तोकडी पडते ती ‘अवर’ला. आमचं की आपलं, ऐकणारा त्यात धरलाय की नाही, याचा पत्ताच लागत नाही. महाडात हा फरक कोणाला शिकवावा लागू नये. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं, म्हणजे कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तिथलं पाणी प्यायले, तर काही सवर्ण तळं खासगी आहे म्हणत कोर्टात गेले. हायकोर्टाने तो दावा फेटाळला १९३७ साली. ‘आमचं’चं ‘आपलं’ व्हायला दहा वर्षं वकील लागले.

आमच्या गाइडात ‘अवर’पुढे एकच अर्थ छापलाय: आमचा. प्रत्येकाच्या प्रतीत मी पेनाने ‘आपला’ लिहून दिलंय. पेपर तपासणाऱ्यांना ते चालतं की नाही, त्यांचं त्यांनी बघावं.