पडद्याचे टेंडर

जुन्या दगडी वस्तुसंग्रहालयाला काचेचे तिरके दालन जोडायचे ठरले की सादरीकरणात ‘भरपूर नैसर्गिक प्रकाश’ हे शब्द येतातच. टाळ्या पडतात, नारळ फुटतो. मग ज्याला कोणी विचारलेलेच नसते तो संवर्धक हळूच सांगतो, की पोथ्या, पैठण्या आणि लघुचित्रे यांना ५० लक्सच्या वर उजेड सोसत नाही. बाहेर वैशाखातले ऊन लाखभर लक्सचे.

मग पडद्याचे टेंडर निघते.

पडदा काळा. काळा म्हणून तापतो, तापतो म्हणून एसी वाढवा. एसीला जनरेटर, जनरेटरला पत्र्याची शेड, आणि शेडला जागा सापडते ती नेमकी त्या तिरक्या काचेपुढे. काच दिसेना, म्हणून शेडवर फ्लेक्स. फ्लेक्सवर काचेच्या दालनाचा फोटो, खाली हात जोडलेले समस्त शुभेच्छुक. एवढे झाल्यावर आत अंधार पडतो, म्हणून दिवे. म्हणजे सूर्य अडवायचे बिल वेगळे आणि त्याच्या बदलीवर आलेल्या दिव्यांचे वेगळे. हेच काम दोन हात जाडीची दगडी भिंत इतकी वर्षे बिनपगारी करत होती. कोणी हटकले की दाखला पॅरिसचा! तिथे १९८९ साली राजवाड्याच्या अंगणात काचेचा पिरॅमिड उघडला हे खरे. पण त्याखालून माणसे आत जातात, चित्रे राहिली जुन्या भिंतींच्याच आसऱ्याला.

उजेडाचे ज्याला काही वाटत नाही, असा माल म्हणजे धातू. तो निघाला आमच्या बेलापूरकडे. याच श्रीरामपूर तालुक्यात, याच प्रवरेच्या काठी, दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना कांस्याचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चौघांचे वजन साठ किलोंच्या वर. गेले सगळे दिल्ली-मुंबईला. बेलापूरकरांना याची सवय आहे म्हणा. आमच्या नावाचे रेल्वे स्टेशनसुद्धा श्रीरामपुरात आहे. पण आपल्याच शिवारातला रथ बघायला आमच्या पोरांनी रात्रीची गाडी पकडायची, आणि तिकडे कोट्यवधींची काच पडद्याआड झाकायची? लाज कशी वाटत नाही?

काचेची एवढीच हौस असेल तर ते दालन बेलापुरात बांधा. पडद्याचा खर्च वाचेल. रथ मात्र आधी पाठवा, काच मागाहून आली तरी चालेल.