ताटाची डावी बाजू

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या. हातात पातेलं, त्यावर उलटी ताटली आणि चेहरा दुखवट्याला निघाल्यासारखा. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं. आई आत मालिका बघत होती आणि तिच्यापुरतं मालिकेतलंच कोणीतरी गेलं होतं. पण काकूंचा हिशेब चुकला असं म्हणता येणार नाही. त्यांची आमची भिंत एक. सलग तीन दिवस कुकरची शिट्टी नाही, फोडणीचा चर्र आवाज नाही, हिंगाचा वास नाही. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजाऱ्यांनी पिठलं-भात पोचवायचा, ही रीत. ती त्यांनी पाळली. मी त्यांना समजावलं, की सगळे सुखरूप आहेत, आम्ही फक्त सध्या कच्चं खातो. "अगं बाई!" म्हणून काकूंनी ते पातेलं परत न नेता माझ्या हातात कोंबलं. त्यांच्या मते हे सुतकापेक्षा गंभीर होतं.

याचं मूळ आमच्या साडूंमध्ये आहे. निवृत्त झाल्यापासून साडू दर सहा महिन्यांनी एकेक गोष्ट सोडतात. आधी साखर सोडली, मग गहू, मग दूध. सोडला नाही तो फक्त सल्ला. यंदा त्यांनी गॅस सोडला आणि नेमका त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यातले दोन आकडे जाड ठशात छापलेले होते. साडूंनी तो फोनवर वाचून घेतला आणि निदान केलं, "तुम्ही मेलेलं अन्न खाता."

त्यांच्या पंथाचा सिद्धांत असा, की अन्न साधारण अठ्ठेचाळीस अंशांच्या वर तापलं की त्यातले एन्झाइम मरतात. (पंथांतर्गत दोन-चार अंशांचे मतभेद आहेत. पंथ म्हटला की ते आलेच.) मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळिशी गाठतो. म्हणजे तिथे गच्चीवर वाळत घातलेली मिरची आणि ती वाळत घालणारी बाई, दोघीही जेमतेम नियमात बसतात. हे एन्झाइम पोटातल्या आम्लात बहुतेक टिकतच नाहीत, असं डॉक्टर सांगतात. पण डॉक्टरांना सांगायला दोन मिनिटं असतात आणि साडूंना अख्खी दुपार.

"अन्न जिवंत हवं," मी घरात जाहीर केलं.

"जिवंत खायला आपण काय बगळे आहोत?" आई म्हणाली.

शेवटी तडजोड झाली. संपूर्ण कच्चं नको, 'बहुतांशी' कच्चं. हा फार कामाचा शब्द आहे. पावसाळ्याआधी नाले बहुतांशी साफ झालेले असतात, निवडणुकीनंतर आश्वासनं बहुतांशी पूर्ण झालेली असतात. त्याच चालीवर सकाळचा चहा, ऑफिसातला चहा आणि दोन्हींच्या मधला चहा आमच्या 'बहुतांशी'च्या बाहेर, सुखरूप राहिला.

पहिल्याच दिवशी माझी आठ बाराची फास्ट चुकली. कारण कुकर हे आमच्या घरचं घड्याळ आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे. पहिल्या शिट्टीला मुलगी उठते, दुसरीला मी आंघोळीला शिरतो, तिसरीला बायको डबे मांडायला घेते. शिट्टी नाही म्हटल्यावर पाचही माणसं जिवंत अन्नाच्या घरात मेल्यासारखी झोपून राहिली.

कच्चं म्हणजे झटपट, ही साडूंची दुसरी थाप. मूग सोमवारी सकाळी भिजत घालायचे, रात्री फडक्यात बांधायचे, मंगळवारभर त्यांच्याकडे आशेने बघायचं, तेव्हा बुधवारी डब्यात मोड. म्हणजे बुधवारी काय खावंसं वाटेल हे सोमवारी ठाऊक पाहिजे. सरकारने नियोजन आयोग मोडीत काढला, आमच्या घरी तो मोडांसाठी पुन्हा बसवावा लागला. पालेभाजी शिजवायची असली की आच बरंच काही सांभाळून घेते. कच्ची खायची तर पान न् पान मिठाच्या पाण्यातून काढा, पुसा, पसरा. ओट्यावर कोथिंबीर, जेवणाच्या टेबलावर लेट्यूस, दिवाणखान्यात पंख्याखाली पालक. कोणी पाहुणा आला तर बसायला जागा फक्त गॅसच्या शेगडीवर. एकुलती एक मोकळी जागा तीच होती.

पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी मोठ्या मनाने सांगितलं, की पोळ्या बंद, आता फक्त चिरायचं आणि किसायचं. मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "दादा, पोळीला मोजता येतं. वीस पोळ्या, वीस पोळ्यांचे पैसे. तुमच्या गाजराचं काय मोजू? काड्या?" त्यांनी तासाचा दर मागितला. पाच माणसांपुरतं किसून, चिरून, खवून व्हायला किती तास लागतात हे त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी मोजलं. गॅसवर वाचलेले पैसे मावशींकडे व्याजासकट गेले. रविवारी मावशींची सुट्टी. त्या दिवशी तेच काम बायकोने केलं आणि तेव्हा मात्र कोणी मोजलं नाही.

बरं, चिरून झालं म्हणजे सुटलो असंही नाही. चावायचं राहतंच. रिचर्ड रँगम नावाच्या हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ साली 'कॅचिंग फायर' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, माणूस माणूस झाला तो चुलीमुळे. शिजलेलं अन्न मऊ असतं, लवकर पचतं, अंगी जास्त लागतं, आणि त्या उरलेल्या शक्तीवर मेंदू वाढला. चिंपांझीचे दिवसाचे सहाएक तास नुसते चावण्यात जातात. चिंपांझीला आठ बाराची फास्ट नसते, म्हणून चालतं. मी डोंबिवलीला तोंडात घातलेलं गाजर ठाण्याला निम्मं व्हायचं आणि घाटकोपरला संपता संपता दुसरं सुरू करायची वेळ यायची. डब्यातल्या आमच्या ग्रुपात रोज राजकारणावर घमासान असतं. आठवडाभर तोंड भरलेलं असल्यामुळे माझा पक्ष एकही मुद्दा मांडू शकला नाही आणि दादरच्या आत हरला. पुढारी गाजर नुसतं दाखवतात, खायला लावत नाहीत. त्यामागची दया मला तेव्हा कळली.

आणि मग अळू झालं.

साडूंनी एक व्हिडिओ पाठवला होता. कुठलंही हिरवं पान घ्या, मिक्सरला लावा, प्या. रविवारी आईने फदफद्यासाठी अळूची जुडी आणून ठेवली होती. इतकं टवटवीत पान दुसरं नव्हतं. मिक्सरचा आवाज नको म्हणून मी एक कोवळं पान तसंच चावलं. अर्ध्या मिनिटात घशात कुणीतरी सुयांची डबी उपडी केली. ही उपमा नव्हे. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे खरोखरच सुईसारखे स्फटिक असतात. आईने काही न बोलता चिंचेचा गोळा माझ्या तोंडात घातला. मग अळू निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, तिने वर्ग घेतला. अळवात चिंच नाहीतर आंबट चुका का पडतो, सुरण चिरताना हाताला तेल का लावतात, राजमा रात्रभर भिजवून वर खळखळून का उकळतात, दुधी चिरण्याआधी तुकडा चाखून का बघतात आणि कडू निघाला तर सरळ टाकून का देतात. "चूल काय बायकांनी हौसेने गळ्यात बांधून घेतली होती?" ती म्हणाली. चिंच चोखत असलेल्या माणसाला यावर उत्तर देता येत नाही.

विज्ञान या वादात कोणाची बाजू घेतं म्हणाल, तर तेही बहुतांशी दोन्हीकडे. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं, हे खरं. टोमॅटोतलं लायकोपिन मात्र शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, हेही खरं. मी साडूंना गांधीजींचा दाखला दिला. १९२९ साली त्यांनी साबरमतीच्या आश्रमात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, 'यंग इंडिया'त त्यावर लिहिलं. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, मध, लिंबू. पोट बिघडलं तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला आणि थांबवल्याचंही लिहून टाकलं.

"त्यांच्याकडे ब्लेंडर नव्हता," साडू म्हणाले.

जाहीरपणे थांबवणं थोरांना जमतं. आमच्या घरी सगळ्यांनी चोरून थांबवलं. मुलगी क्लासशेजारच्या गाडीवर वडापाव खात होती. मुलाने शाळेत हुंडणावळीचा बाजार मांडला होता. काकडीच्या सहा चकत्या देऊन एक इडली, आणि दर रोज पडत होता. बायकोच्या पर्समध्ये चिवड्याची पुडी सापडली. पहिल्या तीन दिवसांतच आईला "जरा देवळात जाऊन येते" असं दिवसातून दोनदा वाटायला लागलं होतं आणि देऊळ नेमकं काकूंच्या स्वयंपाकघरात होतं. (म्हणजे कोणी गेलं नाही हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी पातेलं आणून तो प्रश्न मला विचारला, याला डोंबिवलीत निरोप पोचवणं म्हणतात.) आणि मी? काकूंचं ते पिठलं रात्री साडेअकराला, दिवा न लावता, उभ्याने संपलं. एवढंच सांगतो.

दुसऱ्या रविवारी सगळं उघड झालं आणि पंक्ती बसल्या. तेव्हा आईने तिचा खरा मुद्दा काढला. "तुझे साडू आज जे शोधून काढतायत ते मी पन्नास वर्षं डावीकडे वाढतेय."

आपल्याकडे ताट वाढायची एक शिस्त असते. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ म्हणजे कच्ची भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी. गोकुळाष्टमीचा काला, ओल्या खोबऱ्यातले दडपे पोहे, मुळ्याची कोशिंबीर, मेतकुटातला कांदा. यातलं काहीही कुकरमध्ये जात नाही. फार तर वरून चमचाभर फोडणी बसते. "आणि तू काय करायचास? बोटाने जरा चाटून बाजूला सारायचास. आता तेच बाऊलमध्ये घातलं की आरोग्य."

डावीकडचं ते चमचाभर पुरतं का, हा प्रश्न नव्हताच. ते चमचाभर करायला ताटातल्या इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ जातो, आणि ज्याने ते कधी केलं नाही त्यालाच सगळं ताट डावीकडचं करावंसं वाटतं. माझ्या क्रांतीचं सगळं तत्त्वज्ञान माझं होतं. विळी, किसणी आणि खवणी दुसऱ्यांच्या हातात होती.

जाता जाता आणखी एक. मावशींच्या गावाकडे रानात कामाला गेलेली माणसं भाकरीबरोबर बुक्कीने कांदा फोडून खातात. २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर त्यांच्याही घरी सिलिंडर आला. तो संपला की पुन्हा भरायचे पैसे जुळेपर्यंत कोपऱ्यात उभा असतो. भरलेला सिलिंडर बंद ठेवून कच्चं खाल्लं, तर तिला जीवनशैली म्हणतात आणि त्यावर व्याख्यान देता येतं. रिकामा सिलिंडर बघत कांदा फोडला, तर व्याख्यानाला बोलावणं येत नाही.

आता घरात शांतता आहे. तहाची कलमं बायकोने ठरवली. "कच्चं बंद करायचं नाही, रिपोर्टातले आकडे आहेतच. रोज दोन वाट्या सगळ्यांनी खायचं. फक्त अहो, डावी बाजू आजपासून तुमची."

म्हणून हल्ली पहाटे साडेपाचला मी ओट्याशी असतो. एका बाजूला बायको कुकर लावते, दुसऱ्या बाजूला मी काकडी घेतो. काकडी किसायची नसते, ती चोचवायची असते, हे मला या वयात कळलं. डाव्या हातात काकडी धरायची, उजव्या हाताने सुरीचे उभे घाव घालत ती फिरवायची आणि मग वरचा थर आडवा कापून काढायचा. हातातल्या हातात. आई हे देवाचं म्हणता म्हणता, ताटाकडे न बघता करायची. माझ्या अंगठ्याला दोन पट्ट्या आहेत.

काल पहिली शिट्टी झाली आणि मुलगी उठली. दुसरी झाली, तेव्हा माझी एक काकडी झाली होती. तिसरीला पाच माणसांचं वरण, भात आणि बटाटे तयार झाले. बायको डबे मांडायला वळली आणि मी दुसऱ्या काकडीच्या मध्यावर होतो. आई देवघरातून आली, परातीतला एक तुकडा उचलून तिने तोंडात टाकला आणि तिथेच थांबली.

"टोक घासून फेस काढला होतास?"

"हो."

"आणि चाखली होतीस?"