सातत्याने आराखडा बदलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

(सेक्टर ६७ मध्ये नोकरीला लागलेल्या मराठी नवोदित मार्केटरांसाठी)

१. पत्ता नीट सांगावा. सेक्टर ६७ चंदीगडमध्ये नाही. चंदीगडची हद्द संपली तरी सेक्टरांचे आकडे थांबत नाहीत. ते तसेच पुढे पंजाबातल्या मोहालीत, म्हणजे कागदोपत्री साहिबजादा अजितसिंग नगरात, चालत येतात. तरी गावी ‘चंदीगडला असतो’ असंच सांगावं. फ्लॅट विकणारेही तेच सांगतात. आईने फोनवर “पण तू विकतोस काय रे?” असं विचारलं तर “लीड्स आणतो” म्हणावं. “मग दिवाळीला येताना आण थोड्या” असं ती म्हणाली तर समजावत बसू नये.

२. आराखडा सोमवारीच करावा. गूगल शीट उघडून बारा महिन्यांचे रकाने पाडावेत. रीलला गुलाबी, लेखाला पिवळा, ईमेलला निळा रंग द्यावा. रंग ठरेपर्यंत दुपार होते. मग छोले-कुलचे खाऊन यावेत. पहिली पोस्ट मंगळवारची असते, ती बुधवारवर ढकलावी, म्हणजे निळा जरा गडद करता येतो. शुक्रवारी यूट्यूबवर कोणीतरी ‘ईमेलचे दिवस संपले’ असं जाहीर करतोच. शनिवार-रविवार सुतक पाळून सोमवारी नवी शीट उघडावी.

३. जाहिरातीला सतत हात लावत राहावा. मेटावर जाहिरात सुरू झाली की ती आधी ‘लर्निंग’मध्ये असते. आठवडाभरात साधारण ५० निकाल हाती आले की गिऱ्हाईक कुठलं, याचा यंत्रणेला अंदाज येतो. मध्येच फोटो, टार्गेटिंग किंवा बजेट यांत मोठा बदल केला की शिकवणी पुन्हा पहिलीपासून. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी काहीतरी बदलावं. यंत्रणा जन्मभर शिकत राहील आणि “लर्निंग चालू आहे जी” असं सांगताना तुम्हाला खोटंही बोलावं लागणार नाही.

४. क्लायंटचा शब्द खाली पडू देऊ नये. मोहालीत हा क्लायंट बहुधा आयेल्ट्सचा क्लास किंवा कॅनडाच्या व्हिसाचं ऑफिस चालवतो. रात्री साडेदहाला तो समोरच्या क्लासचं भांगडा रील पाठवतो आणि उद्या सकाळी तसंच हवं म्हणतो. अशा वेळी गेल्या महिन्यात कोणत्या जाहिरातीवरून किती फोन आले आणि त्यांतल्या किती जणांनी फी भरली, हे चुकूनही विचारू नये. विचारलं की वहीत लिहावं लागतं. लिहिलं की महिनाअखेरीस भलतंच निघतं: भांगड्याने नुसत्या टाळ्या मिळवल्या आणि ‘फी किती, बॅच कधी’ एवढंच सांगणाऱ्या रटाळ पोस्टने मुलं आणली. एवढा मनस्ताप कोणी सांगितला आहे?

५. शेजाऱ्यांपासून जपून राहावं. याच सेक्टरात नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. नवं औषध प्रयोगशाळेतून दुकानात यायला दहा वर्षांहून अधिक काळ जातो, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा आला म्हणून कोणी चाचणीचा डोस बदलत नाही. अशा लोकांशी चहाच्या टपरीवर फार बोलू नये, सवय लागते. चंदीगडचा दाखला मात्र बिनदिक्कत द्यावा, कारण त्या शहरानेही आराखडा बदलला होता. मूळ आराखडा अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, आणि १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी नवा आराखडा मांडला. हा बदल शहर उभं राहायच्या आधी झाला, एवढा तपशील गाळावा.

६. जुनी मराठी उदाहरणं वाचू नयेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात; लोखंडाने जमीन नासेल, ही त्यांची धास्ती. लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक काढलं. कारखान्याचं, त्याच्या मालाचं मासिक, म्हणजे आज आपण ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून फी लावतो तेच. ते महिन्यामागून महिने निघत राहिलं. पुढे १९२९ मध्ये त्याचंच ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ जोडीला आलं. नांगराच्या कारखान्याने मराठी घरांत वाचक जमवला, तोही शीटला एकही रंग न देता.

७. शेवटची आणि महत्त्वाची सूचना. ऑफिसात एखादी मुलगी असते, जिच्या आराखड्यात तीनच ओळी असतात: मंगळवारी एक पोस्ट, गुरुवारी जुन्या चौकशांना फोन, महिनाअखेरीस हिशेब. तीन महिने ती यातलं काही बदलत नाही; बदललंच तर एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही आकडे बघून. तिच्यापासून चार हात लांब बसावं. असे लोक वर्षभरात जुने, जाणते मार्केटर होऊन बसतात. तुम्हाला कायम नवोदितच राहायचं असेल, तर वरच्या सहा पायऱ्या पुरेशा आहेत.