रात्री दीड वाजता

आमच्या ऑफिसचा बॅकअप रात्री दीड वाजता व्हायचा आणि आमचे शिपाईमामा संध्याकाळी साडेसातला मेन पाडायचे. ४१ दिवस हा संसार सुखानं चालला. मी निश्चिंत मनानं घरी जायचो, मामा निश्चिंत मनानं घरी जायचे आणि आठ कॉम्प्युटर, एक सर्व्हर व त्यांच्यावर लक्ष ठेवायला मुद्दाम बसवलेलं दहावं मशिन अंधारात गाढ झोपायचं. कुठं काही चुकल्याची नोंद नव्हती. नोंद करणाराच झोपलेला, तर नोंद करणार कोण?

हे ऑफिस सांगलीत, गावभागात. करसल्लागाराचं. मी तिथं अकाउंटंट आहे, पण फार वर्षांपूर्वी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला आणि त्या दिवसापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात जमा झाली.

सांगलीबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं पावसाळ्यात पाणी फुटात मोजतात आणि ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, त्यापुढं ज्याचा त्याचा देव. जुलै-ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ एवढंच विचारतात. २००५ च्या पुरात आमच्या ऑफिसातल्या चोपड्या माळ्यावर गेल्या आणि वाचल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चोपड्या उरल्या नव्हत्या, सर्व्हर होता. तो आधी टेबलावर चढवला, मग टेबलावर स्टूल ठेवून त्यावर, आणि शेवटी मामांनी ताडपत्रीत गुंडाळून डोक्यावर घेतला. कमरेएवढ्या पाण्यातून ते चालले होते. विसर्जनाची मिरवणूक उलटी निघावी तसं दिसत होतं. पुढं मामा, मागं मी, तोंडातून फक्त ‘मोरया’ यायचं बाकी.

सर्व्हर वाचला. रात्री अण्णांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, फोन करून विचारलं, “आणि बॅकअपची डिस्क?”

ती स्टीलच्या कपाटात होती. खालच्या कप्प्यात. कुलपात.

म्हणजे मूळ प्रत वाचली आणि अडीअडचणीला असावी म्हणून जपून ठेवलेली प्रत बुडाली. आमची आई घराची दुसरी किल्ली घरातच, देवघराच्या फडताळात ठेवायची आणि दार ओढलं गेलं की कुणाला तरी खिडकीतून आत सोडावं लागायचं. तेव्हा हसणारा मी, डिस्कच्या बाबतीत नेमका तिच्यावर गेलो होतो. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम मी नंतर वाचला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावाला. ‘दुसऱ्या गावाला’ हे माझं भाषांतर. त्यानं ‘जागेबाहेर’ एवढंच म्हटलं आहे, पण त्याला कृष्णा कुठं माहीत?

पूर ओसरल्यावर अण्णा म्हणाले, “आता काहीतरी नीट कर. खर्चाचं बघू.” अण्णांच्या तोंडून हे वाक्य दहा वर्षांत दुसऱ्यांदा ऐकत होतो, म्हणून त्यांचा विचार बदलायच्या आत मी कामाला लागलो. एक जुनं मशिन घेतलं, त्यात चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्क घातल्या, लिनक्स टाकलं. दोन्ही डिस्क एकमेकींचा आरसा. एक बिघडली तरी दुसरी चालू राहते. पण हा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुकानदार ते सांगत नाही. एकीवरची फाइल आपण चुकून पुसली तर दुसरी त्याच क्षणी, तितक्याच तत्परतेनं पुसते. घरात दोघंही एकाच वेळी रागावणारी असतात, त्यातला प्रकार.

दुसरा प्रश्न, कुणी कुणाकडं जायचं? प्रत्येक कॉम्प्युटरनं आपापला माल नेऊन बॅकअपच्या मशिनवर टाकायचा, की मशिननं दारोदार फिरून गोळा करायचा? पहिला प्रकार सोपा, पण त्यात प्रत्येकाच्या हाती कोठाराची किल्ली येते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, तेव्हा आम्ही थोडक्यात वाचलो होतो. असली जात एका कॉम्प्युटरात शिरली की त्याला जोडलेली, लिहिता येणारी प्रत्येक डिस्क कुलूपबंद करून टाकते, आणि त्यात बॅकअपही आलाच. म्हणून मी दुसरा प्रकार घेतला. मशिननं यायचं, घ्यायचं, जायचं. उलट्या बाजूनं कुणालाच प्रवेश नाही.

सर्व्हरचं प्रकरण आणखी नाजूक. त्यावरचा डेटाबेस सतत उघडा असतो, आणि उघड्या डेटाबेसच्या फायली सरळ उचलणं म्हणजे ऑफिसातले नाना खतावणीत नोंद करत असताना त्यांच्या खांद्यावरून नक्कल उतरवणं. नावेची बाजू मिळते, जमेची अजून लिहायची असते. म्हणून आधी डेटाबेसलाच सांगायचं, ‘बाबा, तुझी एक सुसंगत प्रत काढून बाजूला ठेव’, आणि मग ती न्यायची. एवढं सगळं साधून मी रात्री दीडची वेळ लावली. पहिल्या रात्री स्वतः जागत बसलो. दीडच्या ठोक्याला स्क्रीनवर फायलींची नावं धो धो वाहायला लागली, दोन तास ती बघत बसलो, आणि पहाटे भडंग खात घरी गेलो. इतकं कर्तबगार मला लग्नातही वाटलं नव्हतं.

४१ दिवसांनी नानांनी एका अशिलाचं अख्खं फोल्डर उडवलं. नाना आमचे ज्येष्ठ. अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. घाबरून पांढरे पडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “नाना, चहा घ्या. पाच मिनिटांत परत आणतो.” बॅकअप उघडला. त्यात एकच तारीख होती. मी जागलो होतो ती.

मामांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “मेन पाडतो की रोज. रातभर लाईट कशाला जाळायची? अण्णांनीच सांगितलंय.” खरं होतं. अण्णांनी सांगितलं होतं, २००८ साली. मामांच्या कामात चूक काढणं शक्य नव्हतं. ऑफिसात दिलेली सूचना रोज न चुकता पाळणारा तो एकच माणूस होता. बाकी माझ्या वेळापत्रकाची गोष्ट अशी की ठरलेल्या वेळी मशिन बंद असेल, तर क्रॉन नावाचा तो पहारेकरी सकाळी उठून राहिलेलं काम करत नाही. मुहूर्त टळला, विषय संपला. नानांनी पुढचे पंधरा दिवस कागदी पावत्यांवरून सगळं पुन्हा भरलं. मी त्यांचा चहा भरला.

दुसऱ्या खेपेला मी बॅकअपपीसी नावाची प्रणाली घेतली. ती एका मुहूर्तावर विसंबत नाही, दर तासाला जागी होऊन सगळ्यांची दारं वाजवते. हजर असेल आणि ज्याचं देणं थकलं असेल त्याच्याकडून वसूल करते. तिच्या सेटिंगमध्ये एक आकडा पाहून मी हरखलो. पूर्ण बॅकअप किती दिवसांनी, तर ६.९७ दिवसांनी. रोजचा किरकोळ बॅकअप किती दिवसांनी, तर ०.९७. सात लिहिले तर या आठवड्यात थोडा उशीर, पुढच्या आठवड्यात आणखी थोडा, असं घसरत घसरत रात्रीचं काम दिवसावर येतं. म्हणून पाऊण तास आधीच घाई सुरू करायची. आमचे वडील मिरजेहून गाडी पकडायची म्हणून घरातलं घड्याळ पुढं करून ठेवायचे. हे बनवणारा माणूस त्यांना नक्की आवडला असता.

आणखी एक गुण असा की तीच फाइल दहा ठिकाणी असली तरी ती एकदाच साठवली जाते. हे पाहायला गेलो आणि ऑफिसचं अंतरंग कळलं. ‘नमुना पत्र’ २३ जागी होतं. ‘नमुना पत्र अण्णांनी पाहिलेलं’ ११ जागी. ‘नमुना पत्र अण्णांनी पाहिलेलं दुरुस्त’ फक्त एका जागी, आणि ते कुणीच वापरत नव्हतं.

झोपलेल्या डेस्कटॉपना रात्री जागं करायचीही सोय असते. नेटवर्कवरून एक निरोप पाठवायचा: आधी सहा वेळा एक ठरावीक खूण आणि मग त्या मशिनचा पत्ता सलग सोळा वेळा. सोळा हाकांनी कॉम्प्युटर उठतो. मला उठवायला घरी साधारण एवढ्याच लागायच्या, पण त्यात माझ्या नावाबरोबर इतरही शब्द असायचे. अट एकच, मशिनला वीज हवी. म्हणजे गाडी पुन्हा मामांपाशी आली. बोर्डावर लाल टेप लावली, अण्णांच्या सहीचं पत्रक काढलं, पण मामांना पटलं ते वेगळ्याच कारणानं. मी सांगितलं, “मामा, रात्री दीडनंतर एकजण येतो, सगळ्या मशिनवरून फिरतो आणि जातो. त्याला उजेड नको, वीज लागते.” मामा गंभीर झाले. तेव्हापासून मेन शाबूत आहे. रोज सकाळी हिरवा दिवा बघून ते मला वर्दी देतात, “येऊन गेला.” मामांना एकट्यालाच असं वाटतं असं नाही. बॅक्युला नावाची एक बॅकअप प्रणाली आहे, बॅकअप आणि ड्रॅक्युला मिळून झालेली. ती रात्री येऊन तुमच्या कॉम्प्युटरातलं सत्त्व शोषून नेते, अशी जाहिरात तिच्या कर्त्यांनीच गमतीनं केली आहे.

शनिवारी एक डिस्क मिरजेला अण्णांच्या व्याह्यांकडं जाते, डब्याच्या पिशवीतून. अशिलांची विवरणपत्रं असल्यानं ती सांकेतिक करून पाठवतो. तिचा पासवर्ड मी सुरुवातीला सर्व्हरवरच्या एका फाइलीत लिहून ठेवला होता. आई, फडताळ, किल्ली. पुढं सांगत नाही.

हे सगळं लावून झाल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला. ते वारकरी. म्हणाले, “तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर यायला तेरा दिवस लागले म्हणतात. तुझी किती दिवसांत येईल?”

मी हिशेब केला. सर्व्हरवर ४०० जीबी. आमचा जुना स्विच १०० मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला फार तर ११ एमबी. दहा तास. अण्णा म्हणाले, “वीस तारखेला जीएसटी भरायच्या दिवशी दहा तास?” हजार मेगाबिटचा नवा स्विच त्याच आठवड्यात आला. आता दीड-दोन तासांवर आलो. देवापेक्षा वेगवान, पण देवानं करून दाखवलं होतं आणि आम्ही अजून कागदावरच होतो.

तिथंच मला कापरं भरलं. ‘बॅकअप आहे’ असं आम्ही सगळे म्हणतो ते व्रत केल्यासारखं. केलं की पुण्य जमा. ते पुण्य वटवून बघायला कुणी जात नाही, कारण वटलं नाही तर? गिटलॅब ही नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका दमलेल्या इंजिनिअरनं भलत्याच सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. पाच तऱ्हेची व्यवस्था होती आणि त्यातली एकही धडपणी कामाला येईना. रोजचा बॅकअप केव्हापासूनच अयशस्वी होत होता. तसं कळवणाऱ्या ईमेलही जात होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं काढलेल्या एका प्रतीनं लाज राखली. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. या माणसांनी सगळं उघडपणे जगाला सांगितलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर दाखवली, हे मला फार मोठं वाटतं. मी ४१ दिवसांची गोष्ट आज पहिल्यांदा लिहितो आहे.

म्हणून आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सोडत निघते. एका डब्यात मशिनचे नंबर, दुसऱ्यात तारखा. मामा चिठ्ठी काढतात. त्या मशिनची त्या तारखेच्या आसपासची एक फाइल परत आणायची, जुन्या जागी नाही, वेगळ्या फोल्डरात, आणि सगळ्यांसमोर उघडायची. उघडली तर बॅकअप आहे. अण्णा भजी मागवतात. आजवर एका मंडळाचा वर्गणीचा हिशेब निघाला, कुणाच्या तरी मुलीच्या बारशाचा मेनू निघाला, एकदा माझीच अर्धवट कविता निघाली आणि त्यावर कुणी काही बोललं नाही, हे त्याहून वाईट.

गेल्या खेपेला चिठ्ठी निघाली चार नंबरच्या मशिनची, मागच्या दिवाळीआधीची. म्हणजे नानांनी साफसफाई करायच्या आदली. मी फोल्डर उघडलं आणि पहिलीच फाइल निवडली. ‘अर्ज’. अण्णा मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला हळू झाले. ११ ऑगस्ट २०१४. ‘माझे टेबल गेली नऊ वर्षे संडासाच्या दाराशेजारी असून वारंवार विनंती करूनही ते हलवण्यात न आल्याने मी तात्काळ राजीनामा देत आहे.’ खाली नानांचं पूर्ण नाव.

नाना भज्याकडं बघत होते. टेबल अजून तिथंच होतं, आणि त्या क्षणी नानाही तिथंच बसलेले.

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “नाना, ‘तात्काळ’ नव्हे. ‘तत्काळ’.”

सोमवारी सकाळी मी आलो, तेव्हा मामा दोघांना घेऊन नानांचं टेबल खिडकीशी सरकवत होते. घामाघूम झाले होते. मला पाहून थांबले.

“येऊन गेला,” म्हणाले. “काय न्हेलं काय?”

मी नोंद पाहिली. शनिवारी संध्याकाळनंतर कुठंच काही हललं नव्हतं. फक्त चार नंबरच्या मशिनवर बदललेल्या फायली : १.